दक्षिण आफ्रिकेतलं वाफेचं इंजिन ओळखायचं कसं? आधी रूळ बघा, मग पाणी शोधा

जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडे कंपनीच्या कामाला गेलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. काळंकुट्ट इंजिन, त्याच्यापुढे ओळीने उभी पोरं, आणि खाली कॅप्शन 'झुकझुक गाडी'. मग तो फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतो, "हे कुठलं इंजिन रे?" मी तिकडे दोन वर्षं होतो आणि सुट्टीच्या दिवशी दुसरं काही केलंच नाही, त्यामुळे हे प्रश्न माझ्याच गळ्यात. आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो म्हणजे तुमचं तुम्हाला ओळखता येईल.

खरं सांगायचं तर क्लासची, म्हणजे इंजिनांच्या जातींची, यादी पाठ करायची काही गरज नाही. दोनच गोष्टी बघायच्या, रूळ किती रुंद आहेत आणि इंजिनाने पाणी कुठे ठेवलंय. तिकडच्या इंजिनांचं सगळं रंगरूप या दोन अडचणींमधून आलंय, अरुंद रूळ आणि कोरडा मुलूख. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

पहिलं रूळ. आपलं ब्रॉडगेज साडेपाच फुटाचं, तिकडची मेन लाइन साडेतीन फुटाची, म्हणजे १०६७ मिमी, याला केप गेज म्हणतात. आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम ६७ मिमी जास्त. सुरुवातीला तसं नव्हतं हं, १८६० मधली डर्बनची पहिली लाइन आणि १८६३ मध्ये वेलिंग्टनपर्यंत पोचलेली केपटाऊनची लाइन या दोन्ही स्टँडर्ड गेजच्या. पण मग किंबर्लीला हिरे सापडले, तिकडे जायचं तर मध्ये डोंगर आडवे, आणि रुंद रुळाने घाट चढवायचा म्हणजे खर्च परवडेना, म्हणून १८७३ मध्ये केप सरकारने अरुंद रूळ पक्के केले. त्या निर्णयाची किंमत पुढे ऐंशी वर्षं इंजिन बनवणाऱ्यांनी मोजली, कारण गाड्या जड होत गेल्या आणि रूळ तेवढेच राहिले. म्हणून फोटो समोरून बघा, इंजिनाचं धड रुळांच्या दोन्ही बाजूंनी चांगलंच बाहेर आलेलं दिसेल, बारक्या पायांवर पैलवान उभा केल्यासारखं. तसं दिसलं तर केप गेज. आणि रूळ एकदमच चिमुकले, माथेरानच्या गाडीसारखे वाटले तर तो दोन फुटी गेज, ६१० मिमी, माथेरानचाच गेज तो. पण त्यावरचं इंजिन माथेरानसारखं चिमुकलं नसतं, त्याच्याकडे पुढे येतो.

दुसरी पायरी, इंजिन एक आहे की तीन तुकड्यांचं. बाजूने बघा. बॉयलर मध्ये लटकलाय, त्याच्या पुढे एक चाकांचा संच त्यावर पाण्याची टाकी, मागे दुसरा चाकांचा संच त्यावर कोळसा आणि आणखी पाणी, असं असेल तर ते गॅरेट. मला विचाराल तर गॅरेट म्हणजे पालखी. बॉयलर ही पालखी आणि पुढचे-मागचे दोन चाकांचे संच म्हणजे भोई. वळणावर भोई वळतात, पालखी मधल्या मध्ये निवांत. आणि पालखीखाली चाकंच नाहीत म्हटल्यावर भट्टी हवी तेवढी खोल आणि रुंद करता येते, जे अरुंद रुळावर एरवी जमतच नाही. हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना, मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीने १९०९ मध्ये पहिलं बनवलं ते टास्मानियासाठी, पण ही जात खरी पोसली आफ्रिकेने. आपल्याकडेही होती बरं का, बंगाल नागपूर रेल्वेकडे अवाढव्य गॅरेट होती, त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, जाऊन बघा.

गॅरेट ओळखल्यावर त्यातलं कुठलं? इथे पाणी कामाला येतं. इंजिनाच्या मागे एक वेगळी पाण्याची टाकीगाडी कायमची जोडलेली आणि पुढची टाकी अंगाच्या मानाने छोटी, तर ते बहुतेक जीएमए किंवा त्याचा जरा जास्त कोळसा-पाणी घेणारा भाऊ जीएमएएम. हलक्या रुळांवर वजन कमी पडावं म्हणून अंगावर पाणी कमी घ्यायचं आणि बाकीचं मागून ओढत न्यायचं, असा तो हिशोब. १९५२ ते १९५८ मध्ये अशी १२० बनली, एकाच क्लासची एवढी गॅरेट जगात दुसरीकडे कुठे नाहीत. टाक्यांच्या कडा गोल गोल, अंगाला साबण लावल्यासारख्या, असतील तर जीईए. आणि दोन फुटी रुळावर गॅरेट दिसलं तर ते बहुतेक वेळा एनजी जी१६. बायर पीकॉकने बनवलेली शेवटची गॅरेट याच क्लासची, १९५८ मधली, आणि त्यानंतरही १९६७-६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच आणखी आठ बनली. त्यातली काही आता वेल्सच्या डोंगरात टुरिस्ट ओढतात, म्हणजे फोटो लंडनवाल्या चुलत भावाने पाठवला तरी दचकू नका.

साधं इंजिन असेल, म्हणजे बॉयलर चाकांवर आणि मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, तर मग चाकं मोजायची. एका बाजूला उभं राहून मोजायची आणि दुप्पट करायची, बस. पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी, तीन आकडे. तिकडे सगळ्यात जास्त दिसेल ४-८-२, म्हणजे एका बाजूने दोन छोटी, चार मोठी, एक छोटं. १५एफ हा क्लास ४-८-२ चा, २५५ इंजिनं, तिकडचा सगळ्यात मोठा कुनबा. १९डी पण ४-८-२, २३५ इंजिनं, पण अंगाने सडसडीत, ब्रँच लाइनचं. मोठी चाकं तीनच आणि माणसाच्या उंचीची, तब्बल सहा फुटी, दिसली तर लॉटरी लागली समजा, ते १९३५ चं १६ई, एकूण सहाच बनलेली.

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा एका यार्डात गेलो, मागे लांबट गोल टेंडर, पाण्याच्या टँकरसारखं, सडसडीत अंग, मी छातीठोकपणे बरोबरच्या लोकांना सांगितलं १९डी. शेजारी एक म्हातारबाबा तेलाची बुधली घेऊन उभे होते, जुने फायरमन, ते काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने पुढचं चाक दाखवलं. एकच. १९डीला पुढे दोन असतात. ते निघालं क्लास २४, २-८-४. गोल टेंडर दोघांकडेही असतं, १९डीच्या नंतरच्या इंजिनांना आणि २४ लाही, त्यामुळे टेंडर बघून निकाल द्यायचा नाही, चाकं मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

आता टेंडर म्हणालो तर सगळ्यात मजेशीर प्रकार तिथेच आहे. किंबर्लीपासून दक्षिणेला द आर पर्यंतची लाइन कारूतून जाते, कारू म्हणजे आपल्या माणदेशाला पाणीदार म्हणावं असा मुलूख. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी जास्त लागतं आणि ते सगळं धुराड्यातून हवेत जातं. मग त्यांनी काय केलं, १९५३ ते ५५ मध्ये क्लास २५ ची ९० इंजिनं अशी मागवली की वापरलेली वाफ बाहेर सोडायचीच नाही, पाइपाने मागे टेंडरमध्ये न्यायची, तिथे दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि छतावर पंखे, वाफ थंड करून परत पाणी आणि तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये. ९० टक्क्यांपर्यंत पाणी वाचायचं. टेंडर एवढं लांब झालं की इंजिनापेक्षा मोठं. आणि धुराड्यातून वाफेचा झोत जात नाही म्हटल्यावर भट्टीला हवा ओढायला पुढे टर्बाइनवर चालणारा पंखा, त्यामुळे हे इंजिन झुकझुक करायचंच नाही, विमानासारखं सूंऽऽ करत यायचं. झुकझुक गाडी म्हणायचीही सोय नाही ठेवली!

पण पंखे, पाइप, रेडिएटर, सगळं सांभाळायला कटकटीचं, आणि डिझेल-वीज आल्यावर तेवढी गरजही उरली नाही, म्हणून सत्तरच्या दशकात एकेक करून ती साधी करून टाकली. ३५११ नंबरचं एक तेवढं किंबर्लीला मूळ रूपात ठेवलं. क्लास २५ मध्ये पहिल्यापासूनच साधी अशी ५० होती, त्यांना २५एनसी म्हणतात, एनसी म्हणजे कंडेन्सर नसलेली. बदललेलीही मग २५एनसीच झाली. तर आता ओळखायचं कसं, मुळातलं साधं की बदललेलं? टेंडर बघा. बदललेल्यांचं टेंडर लांबच लांब आणि वरून गोलसर राहिलं, रेडिएटर काढून त्या सांगाड्यावर नळकांडं बसवल्यासारखं, तिकडचे लोक त्याला आफ्रिकान्समध्ये वॉर्सहोंड म्हणतात, म्हणजे ते आखूड पायांचं लांब कुत्रं, डॅशहुंड. एकदा बघितलं की नाव विसरणार नाही. या इंजिनाची भट्टीची जाळी ७० चौरस फूट, आपल्या ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूपी इंजिनाची ४६, आणि हे साडेतीन फुटी रुळावर! फावड्याने कोळसा टाकून फायरमन मेलाच असता, म्हणून यांत्रिक स्टोकर, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारं यंत्र.

याच घराण्यातलं एक लाल रंगाचं दिसलं, दोन धुराडी शेजारी शेजारी, तर ते ३४५०, रेड डेव्हिल. डेव्हिड वॉर्डेल या इंजिनिअरने १९८१ मध्ये केपटाऊनच्या सॉल्ट रिव्हर वर्कशॉपमध्ये एका २५एनसीवर प्रयोग केला, अर्जेंटिनाचा इंजिनिअर पोर्टा याच्या कल्पना घेऊन, भट्टी आणि धुराडं बदललं. कोळसा २८ टक्के कमी, पाणी ३० टक्के कमी आणि ताकद ४३ टक्के जास्त. सगळं जग वाफ मोडीत काढत होतं तेव्हा हा माणूस हे करत होता. नवीन क्लास दिला, २६, आणि त्या क्लासमध्ये हे एकटंच. माझं आवडतं इंजिन, पक्षपात आहे, असू दे.

आता पाटी. केबिनच्या बाजूला पितळी पाटी असते, मध्ये मोठा नंबर, कडेने रेल्वेचं नाव इंग्रजी आणि आफ्रिकान्स दोन्हीत, आणि खाली क्लास. मग एवढं सगळं कशाला मोजायचं, पाटी वाचा की! वाचा, पण विश्वास अर्धाच ठेवा, कारण उघड्यावर पडलेल्या कित्येक इंजिनांच्या पाट्या गेल्या, कुणी रंगाने नंबर लिहिलेत, कुठे नवीन नकली पाटी. अशा वेळी खाली वाका आणि चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांवर बघा, ग्रीसचा थर बोटाने पुसला की ठोकलेला नंबर लागतो. तोही एखादे वेळी दुसऱ्याच इंजिनाचा निघतो, दुरुस्तीत एकाची दांडी दुसऱ्याला लावायचे. दोन-तीन दांड्यांवर तोच नंबर असेल तर मग खरा. आणि क्लासच्या शेवटी आर असेल, १५एआर, १६सीआर वगैरे, तर बॉयलर नंतर बदललेला. १९२९ ते ३६ मध्ये मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर असलेल्या वॉटसन साहेबांनी एकसारखे बॉयलर ठरवले आणि जुन्या इंजिनांवर चढवायला घेतले, त्याची ती खूण.

फोटो झिम्बाब्वेचा असेल तर हिशोब वेगळा, तिकडे मोठं जे दिसेल ते बहुतेक गॅरेटच. १५वा क्लास ४-६-४+४-६-४, २०वा क्लास ४-८-२+२-८-४, म्हणजे एका बाजूने मोठी चाकं तीन-तीन की चार-चार एवढंच बघायचं. तिकडे वाफ जास्त टिकली कारण ह्वांगेचा कोळसा घरचा आणि तेल बाहेरून आणायचं. बुलावायोचं रेल्वे संग्रहालय चुकवू नका. व्हिक्टोरिया फॉल्सचा १९०५ चा पूल सगळे बघतात, संग्रहालयात मी गेलो तेव्हा मी आणि वॉचमन दोघंच.

चालतं इंजिन बघायचं तर जुलैची पहाट. प्रिटोरिया, जोहान्सबर्ग, फ्री स्टेटकडे तेव्हा कडक थंडी, हवा कोरडी, वाफ पांढरीशुभ्र आणि लांबच लांब उठते, दुपारी हाच फोटो काढला तर नुसता धूर येतो. फक्त त्याच दिवसांत गवत वाळलेलं असतं, ठिणगीने पेटतं, त्यामुळे ऐन वेळी डिझेल लावलं तर भांडत बसू नका. प्रिटोरियातल्या हर्मनस्टाडला आणि जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनला हौशी लोकांचे क्लब आहेत, डर्बनच्या वर इंचांगाला आहे, तिथली गाडी ज्या जुन्या लाइनवरून जाते त्याच लाइनवरून १८९३ मध्ये गांधीजी पीटरमारित्झबर्गला गेले होते, तेच ते स्टेशन. दोन फुटी बघायचं तर लेसोथोच्या सीमेलगत फिक्सबर्गजवळ सँडस्टोन नावाची मोठी शेती आहे, तिथे जा. पण निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचाराच, तिकडे वायर आणि रूळ चोरीला जाणं नवीन नाही, लाइन बंद असते आणि वेबसाइटवर गाडी चालूच असते.

खिडकीत बसणार असाल तर सुती कपडे, नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीने भोक पडतं, माझं पडलंय. डोळ्यात कोळसा गेला तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. आणि इंजिन सुटताना सिलिंडरच्या शेजारी उभं राहायचं नाही, साचलेलं पाणी बाहेर टाकायला ते बाजूने गरम वाफ सोडतं, गुडघ्याच्या उंचीवर.

एवढं करूनही नाही ओळखलं तर पाठवा मला फोटो. तीन पाठवा, एक पूर्ण बाजूने, एक टेंडरचा, एक पाटीचा. आणि पोरांना चाकांसमोर उभं करू नका, मोजता येत नाहीत.