'स्टील' आणि 'रॉब' एकच नव्हे: समानार्थी इंग्रजी शब्दांच्या या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं. डावीकडे एक इंग्रजी शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे तीन-चार 'समानार्थी' शब्द. हे पान मोबाइलवर फिरणाऱ्या कुठल्या तरी पीडीएफमधून उतरवलेलं असतं. ते पाठ करण्यात महिने जातात आणि वाक्य लिहायची वेळ आली की सगळं कोसळतं. दोन शब्दांचा अर्थ जवळचा असला, तरी त्यांच्या पुढे काय येतं ते सारखं नसतं, आणि यादीत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

'माय मोबाइल वॉज रॉब्ड'

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. चोर जी वस्तू नेतो ती 'स्टील'च्या पुढे येते. ज्याला लुबाडतो तो माणूस, किंवा जिथे चोरी करतो ती जागा, 'रॉब'च्या पुढे येते. म्हणून 'समवन स्टोल माय मोबाइल' आणि 'दे रॉब्ड द बँक'. माणूस आणि वस्तू दोन्ही सांगायची तर मध्ये 'ऑफ' लागतो: 'दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच'. 'आय वॉज स्टोलन' असं लिहिलंत, तर तुम्हालाच कुणी उचलून नेलं असा अर्थ होतो.

याची किंमत काय पडते ते आमच्या ओळखीच्या एका भांड्यांच्या दुकानदारांनी भोगलं. रात्री मागच्या शटरचं कुलूप तोडून माल नेला. पोलिसांनी मराठीत घरफोडी म्हणून नोंद केली, पंचनामाही नीट झाला. पण विमा कंपनीला इंग्रजी पत्र लिहिलं पुतण्याने. त्याने सगळीकडे 'थेफ्ट' घातलं, वर 'माय शॉप वॉज स्टोलन' लिहिलं आणि कुलपाचा उल्लेखच केला नाही. पॉलिसी होती बर्गलरीची, म्हणजे घरफोडीची. जबरदस्तीने आत शिरल्याचं दिसत नाही, असं कंपनीचं उत्तर आलं. काका पत्र घेऊन माझ्याकडे आले तेव्हा पुतण्या म्हणाला, "सर, सगळ्याचा अर्थ चोरीच ना?" पंचनाम्यात तुटलेल्या कुलपाची नोंद होती म्हणून निभावलं, पण पैसे हातात पडेपर्यंत कित्येक महिने हेलपाटे घालावे लागले.

कंपनीने शब्दाचा कीस पाडला असं तेव्हा घरच्यांना वाटलं. पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशाच एका दाव्यात स्पष्ट केलं आहे, की पॉलिसीतली बर्गलरी बळाच्या किंवा हिंसेच्या वापराशी जोडलेली असेल, तर नुसती चोरी तिच्यात बसत नाही.

वाईट याचं वाटतं, की हा फरक मराठीत आपल्याला लख्ख माहीत असतो. वर्तमानपत्रातली गुन्ह्यांची बातमी काढा. चोरी म्हणजे 'थेफ्ट', घरफोडी म्हणजे 'बर्गलरी', जबरी चोरी म्हणजे 'रॉबरी' आणि दरोडा म्हणजे 'डकॉयटी', ज्याला कायद्याने पाच किंवा जास्त माणसं लागतात. हा शेवटचा शब्द तर इंग्रजांनी आपल्याच भागातल्या भाषांतून उचललेला. पुतण्याला हे चारही मराठी शब्द येत होते. यादीने ते विसरायला लावले.

वाक्प्रचारात शब्द बदलू नका

समानार्थी म्हणून वाक्प्रचारातला शब्द बदलणारे तर फार भेटतात. 'डेलाइट रॉबरी' म्हणजे अवाच्या सवा भाव, दिवसाढवळ्या लूट. तिथे 'डेलाइट थेफ्ट' कुणी म्हणत नाही. उलट 'इट्स अ स्टील' म्हणजे वस्तू अगदी स्वस्तात पडली. चोरीच्याच कुळातले दोन शब्द, पण अर्थ एकमेकांविरुद्ध. 'रॉब पीटर टू पे पॉल' म्हणजे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. 'स्टील द शो' ही शाबासकी आहे, आरोप नव्हे.

'स्टील समवन्स थंडर' हा मुलं आरडाओरडा करणं या अर्थाने वापरतात. त्यामागची हकिगत सांगितली की पुन्हा चुकत नाहीत. १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात जॉन डेनिस या नाटककाराने आपल्या नाटकासाठी गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती बसवली. नाटक पडलं. पुढे त्याच थिएटरात 'मॅकबेथ'च्या प्रयोगात त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला आणि 'माझा गडगडाट चोरला' म्हणून तो ओरडला, असं सांगतात. दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक आधीच पटकावणं, हा त्याचा अर्थ.

'बॉरो' आणि 'लेंड'

इथे विभक्ती कामाला येते. 'कडून' असेल तर 'बॉरो', 'ला' असेल तर 'लेंड'. मित्राकडून पेन घेतलं: 'बॉरोड फ्रॉम'. मित्राला पेन दिलं: 'लेंट टू'. 'बॉरो मी युवर पेन' हे पदवीधरांच्या तोंडूनही ऐकू येतं.

बाकीचे, थोडक्यात

'रिमेंबर' आपण स्वतः करतो. दुसऱ्याला आठवण करून देणं म्हणजे 'रिमाइंड'.

कानावर पडतं ते 'हिअर'. कान देऊन ऐकतो ते 'लिसन', आणि ज्याचं ऐकतो त्याच्याआधी 'टू' विसरू नका.

'इकॉनॉमिक' अर्थव्यवस्थेचं, 'इकॉनॉमिकल' काटकसरीचं.

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे तटस्थ. कंटाळलेल्या माणसाला 'अनइंटरेस्टेड' म्हणा.

परदेशी सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट' लिहू नका, त्याला वाटतं तुमचा विश्वास नाही. 'क्वेश्चन' लिहा.

मी काय करायला लावतो

वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, ही माझी सक्त ताकीद. शब्द, त्याच्या पुढे काय येतं ते, आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. आणि इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ए. एस. हॉर्न्बी या इंग्रज शिक्षकांनी जपानमध्ये शिकवताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कोश रचला, तो १९४२ मध्ये तिथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. क्रियापदापुढे काय येतं याचे नमुने देणं हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. त्याच्या आजच्या आवृत्तीतही ती माहिती असते, पण मुलं अर्थ वाचून पान मिटतात. अर्थाखालची उदाहरणं वाचायला दोन मिनिटं जास्त लागतात. तेवढा धीर नसेल तर कोश उघडूच नका.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर नवी यादी हातात घेऊ नका. जुन्या प्रश्नपत्रिका काढा, स्वतःचे चुकलेले शब्द तेवढे निवडा आणि प्रत्येकाचं एक वाक्य लिहून कुणा जाणकाराला दाखवा.