लॉन पिवळं पडलं की युरिया? या चुका टाळा

पावसाळ्यात लॉनवर डाग दिसले की पहिला हात जातो युरियाच्या पोत्यात. काही रोगांवर युरिया खरंच लागू पडतो, म्हणून तर ही खोड जात नाही.

रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके, पात्यावर आडवा पांढुरका पट्टा आणि पट्ट्याला तांबूस कड, हा डॉलर स्पॉट. अंगठा घासून नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. दोन्ही बहुधा उपाशी लॉनला होतात. १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया, वरून लगेच पाणी आणि नियमित कापणी. बहुतेकदा फवारायची वेळच येत नाही.

पण डाग ताटाएवढा असेल, रोज वाढत असेल आणि कडेचे फुटवे ओढताच बुडातून सुटत असतील, बुडखा तपकिरी कुजलेला असेल, तर तो ऱ्हायझोक्टोनिया या बुरशीचा ब्राऊन पॅच रोग. इथे युरिया म्हणजे बुरशीची मेजवानी, कारण कोवळी फूट तिला आयतीच मिळते. सोसायट्यांमध्ये पुढचा क्रम ठरलेला: डाग वाढतो, कमिटी घाबरते, माळ्याला आणखी खत टाकायला सांगते, संध्याकाळी पाइप सोडला जातो आणि शेवटी दुकानदार देईल ती दोन औषधं एकाच पंपात. त्याऐवजी खत थांबवा. हेक्साकोनॅझोल ५ ईसी हे बुरशीनाशक लिटरला २ मिली घेऊन बुडखे भिजतील असं फवारा. याच बुरशीची भावंडं भातावर पर्णकोष करपा आणतात, त्यामुळे औषध कृषी केंद्रात सहज मिळतं.

पहाटे पांढरी कापशी जाळी आणि खाली तेलकट, काळपट, बुळबुळीत पाती दिसली तर पिथियम, हा बुरशीसारखा रोगजंतू. त्यावर कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात, ते त्याला लागूच पडत नाही. मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम घ्या आणि साचलेलं पाणी आधी काढा. ऊन चढताच जाळी विरते, म्हणून दुपारी फोटो काढून विचारण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी पाणी नको. पाती रात्रभर ओली राहतात. पहाटे द्या.

ओल्या लॉनवर मशीन फिरवू नका, पात्याबरोबर रोगही फिरतो.

कुत्र्याच्या छत्र्या उपटून टाका, औषध नको.

आणि डागाखालचं गवत सतरंजीसारखं गुंडाळत वर येत असेल तर बुरशीनाशक परत ठेवा. खाली मुळं खाणारी हुमणी अळी आहे.