वाईला एका दिवसात जाऊन यायचंय? या चुका टाळा

महाबळेश्वरला जाताना वाईत थांबायचं, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि गाडी पसरणी घाटाला लावायची. बऱ्याच जणांनी वाई एवढीच पाहिलेली असते. मीसुद्धा कित्येक वर्षं तशीच पाहत होतो. एकदा घाटात दरड कोसळल्यामुळे अख्खा दिवस वाईतच काढावा लागला, तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं काय सोडून पुढे जात होतो.

म्हणून पहिली चूक हीच: वाईला दुसऱ्या कशाची तरी जोड देणं. ‘इतक्या लांब आलोच आहोत तर पाचगणी करू, वेळ उरला तर प्रतापगड’ असं कुणीतरी म्हणतंच. पाचगणी जेमतेम १२-१३ किलोमीटरवर आहे, त्यामुळे मोह होतो. पण सुट्टीच्या दिवशी त्या घाटात गाड्यांची रांग लागली की दुपार तिथेच जाते. अफजलखान वाईला तळ देऊन होता आणि तिथून प्रतापगडाकडे निघाला, हा १६५९ चा धागा जोडून पाहायची इच्छा मी समजू शकतो. पण त्यासाठी वेगळा दिवस काढा.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. पुण्याहून वाई सुमारे ८५-९० किलोमीटर. कागदावर दोन तासांचं अंतर, पण शनिवारी आठनंतर निघालात तर खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट मिळून त्याचे साडेतीन तास करतात. सहाला निघा. सुरूर फाट्याला वळून साडेआठच्या आत वाईत पोचलात तर कृष्णा नदीच्या घाटावर अजून स्थानिक माणसंच असतात आणि पायऱ्यांवर कोवळं ऊन असतं. गाडी बाहेर मोकळ्या जागी लावून चालत फिरा. जुन्या आळ्यांमध्ये गाडी घातली की मागे घेता घेता घाम फुटतो, आणि गावकऱ्यांचीही अडचण होते.

वाईला रेल्वे नाही. गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी पकडा, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. मेणवली-धोमसाठी रिक्षा करताना जाऊन-येऊन आणि थांबण्याचे मिळून किती, हे आधीच ठरवा. फक्त जाण्याची रिक्षा केलीत तर परत यायला वाहन मिळेलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन लोक आल्या वाटेने परत फिरतात. देवळाच्या मागे जा. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर बांधलं, पुराचा मार बसणार हे माहीत असूनच. म्हणून मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे. लोंढा तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाटतो आणि देऊळ जागचं हलत नाही. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने अंगावर घेतले आहेत. नदीकडून ती पाहिल्याशिवाय हे देऊळ पाहिलं असं मला तरी वाटत नाही. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ रास्त्यांनीच १७५७ मध्ये बांधलेलं. तिथल्या काळ्या दगडाच्या नंदीजवळ थोडा वेळ बसा, त्याच्या अंगावरची झिलई अजून टिकून आहे.

एकच घाट पाहून थांबू नका. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी असं नदीच्या काठाने चालत राहिलं की गावाची रचना लक्षात येते: प्रत्येक आळीला आपला घाट. थंडीत कृष्णाबाईचा उत्सवही आळीपाळीने या घाटांवर होतो. जमलं तर त्या दिवसांतच जा. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहत होते, हे चालता चालता मुलांना जरूर सांगा.

एक चूक मला आईच्या पायांना झालेल्या त्रासामुळे कळली. मे महिन्यात भर बाराला आम्ही देवळात गेलो, चपला बाहेर, आणि फरशी तव्यासारखी तापलेली. तिच्या तळव्यांना फोड आले आणि पुढचा बेत सोडावा लागला. उन्हाळ्यात देवळं दहाच्या आत आटपा, नाहीतर पायमोजे जवळ ठेवा. पावसाळ्यात भीती वेगळीच. वर धोम आणि बलकवडी ही धरणं आहेत, विसर्ग सुरू झाला की पाणी पायऱ्या चढतं. ओल्या शेवाळलेल्या पायरीवर फोटोसाठी मुलांना उतरवू नका. पाणी कमी दिसत असलं तरीही नाही.

मेणवली तीन किलोमीटरवर. इथे होणारी चूक म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा सरकारी संग्रहालय असल्यासारखं गृहीत धरणं. वाडा खासगी आहे, कधी बंद असतो, कधी शूटिंग चालू असतं. आम्हाला एकदा दारावरूनच परतावं लागलं होतं. असं झालं तर हिरमुसून गाडीत बसू नका, वाड्यामागच्या घाटावर उतरा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका लहानशा दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शिवमंदिराच्या दारात मेरी! लोक घंटा वाजवून पुढे जातात, वाचत नाहीत. जवळ जाऊन नीट पाहा.

धोमला बरेच जण धरण पाहून वळतात. गावातलं नरसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ त्यांचं राहूनच जातं. महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर आहे, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. कुंडात पाणी असलं तर कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. उन्हाळ्यात कुंड कोरडं मिळालं तर पाकळ्यांचं कोरीवकाम तळापर्यंत दिसतं, तेही पाहण्यासारखंच आहे.

परतताना रविवारची संध्याकाळ असेल तर चारच्या आत निघा, किंवा मग घाई न करता गणपती घाटावर अंधार पडेपर्यंत बसा, गावातच जेवा आणि महाबळेश्वरहून उतरलेल्या गाड्या पुढे निघून गेल्या की रस्त्याला लागा.