नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर जाताय? तयारीची यादी

हातमोजे घ्या. बाकीचं खाली येतंच आहे, पण हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण मागच्या जानेवारीत बाबांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेले होते आणि फक्त हातमोजे नव्हते म्हणून आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटांत मनोऱ्यावरून खाली उतरलो. ज्यांच्यासाठी गेलो होतो ते क्रौंच पक्षी, आम्ही गाडीत हीटरसमोर हात धरून बसलेलो असताना डोक्यावरून गेले. आधी आवाज आला, मी काच खाली करून मान बाहेर काढेपर्यंत रांग उसाच्या पलीकडे. बाबा ६९ वर्षांचे आहेत, दोन वर्षं म्हणत होते एकदा क्रौंच उडताना बघायचेत. ते काहीच बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

जागा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. शंभर वर्षांत त्याच्यामागे इतका गाळ साठला की पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं तयार झाली, पाणगवत माजलं, आणि पाणी साठवायला जे नुकसानीचं तेच पक्ष्यांना मानवलं. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. दोनशे तीसच्या वर जातींची नोंद आहे. तरी नाशिकला येणारी बहुतेक मंडळी त्र्यंबक, पंचवटी आणि द्राक्षांचे मळे करून परत जातात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरा आहे, त्यावरून सकाळी जे दिसतं ते, म्हणजे धुकं पाण्यावरून हळूहळू सुटत जातं आणि आधी नुसता कलकलाट असतो तिथे एकेक बेट, एकेक थवा उघडा पडत जातो, ते बघायला एवढ्या लांब जाणं वर्थ आहे.

आता तयारी. दिवस शक्यतो डिसेंबर-जानेवारीतला धरा, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीही चालतात. रविवार टाळा. जायच्या आधी एक गोष्ट नाशिककडच्या ओळखीच्या कुणालाही विचारा, ती म्हणजे आवर्तन सुटलंय का. दारणा-गंगापूर धरणांचं पाणी कालव्यांसाठी सोडलं की ते इथे बंधाऱ्यात येतं, पातळी चढते, चिखलाचे पट्टे बुडतात आणि चिखलात चोच खुपसून खाणारे सगळे पक्षी लांब कुठेतरी सरकतात. बदकं दिसतील, तुतवार-शराटी कमी. फार कुणी हे सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुक्काम नाशिक किंवा सिन्नरला करा. पुण्याहून रात्री दीडला निघून सरळ जाऊ वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. दोनशेच्या वर किलोमीटर, शेवटच्या तासाला धुकं, आणि ज्या वेळी डोळे ताजे हवेत त्याच वेळी तुम्ही पेंगणार. आम्ही नाशिकरोडला आत्याकडे राहिलो होतो. निघताना आत्याने दारात दोनदा विचारलं, "अगं हातमोजे घेतलेस का, निफाडकडे चाललीयस." मी म्हटलं, जॅकेट आहे, मफलर आहे, कानटोपी आहे, एवढं पुरे. तिचे लोकरीचे हातमोजे शू रॅकवरच होते, तिने हातात घेऊन पुढे केले होते. मी नाही म्हटलं.

निफाडची थंडी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दर डिसेंबरला पेपरात राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून निफाडचं नाव येतं ते उगाच नाही, चार-पाच अंशाच्याही खाली पारा जातो तिथे. कडाका वाढला की द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, घड वाचवायला. त्या दिवशी गाडी बाहेरचं तापमान सहा दाखवत होती. आणि ते रस्त्यावरचं. मनोऱ्यावर तुम्ही उंचावर, उघड्यावर, पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर न हलता उभे असता. चालत असलं तर अंग तापतं, इथे तासभर पुतळ्यासारखं उभं राहायचंय. त्यात कठड्याचं लोखंड असं गार की हात टेकवला की झिणझिण्या. अंगाला स्वेटर असतो, कानाला टोपी असते, पण दुर्बीण धरलेले हात सगळा वेळ उघडे आणि छातीच्या वर. खिशात घालून बसायची सोय नाही कारण मग दुर्बीण कोण धरणार. पाच मिनिटांत बोटं बधिर, फोकसचं चाक फिरवताय की नाही तेच कळत नाही, आणि हात थरथरायला लागला की दहापट दाखवणारी दुर्बीण ती थरथरही दहापट दाखवते. समोर चक्रवाकांची जोडी होती, मला दोन केशरी डाग नाचताना दिसत होते. बाबांची नखं निळसर पडली तेव्हा मात्र मी घाबरले आणि खाली चला म्हटलं.

म्हणून हातमोजे, माणशी एक जोड, आणि एक जास्तीचा, कारण कुणीतरी एक जण विसरलेला असतोच. कुठले तेही सांगते. बाइकवाले जाड नकोत, त्यात फोकस फिरवता येत नाही, शिवाय त्यांना वेल्क्रो असतो आणि तो मनोऱ्यावर चर्रकन उघडलात की जवळच्या गवतातले सगळे उठले समजा. साधे विणलेले लोकरीचे घ्या, बोटांना बसणारे. टोकं उघडी असलेले मिळाले तर कॅमेऱ्यावाल्यांना बरे पडतात. ते आदल्या रात्री बॅगेत नाही, दुर्बिणीच्या पाऊचमध्येच घाला. बॅग डिकीत राहते, पाऊच गळ्यात असतो.

दुर्बीण अर्थातच. ८ बाय ४२ (आठपट दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असेल तर उत्तम, थरथर कमी जाणवते. नसेल तर गावातली मुलं गाइड म्हणून येतात, त्यांच्याकडे काही वेळा स्कोपही असतो, आणि गाइड घ्याच, आज कुठला थवा कुठे बसलाय हे त्यांना कालपासून माहीत असतं. प्रवेशाचे, गाइडचे पैसे सुट्टे ठेवा, पहाटे रेंजच्या भरवशावर यूपीआय नको. पक्ष्यांचं पुस्तक किंवा ॲप, जे वापरता ते. कपडे मातकट, हिरवे, राखाडी. आमच्याबरोबर त्या दिवशी वर एक कुटुंब होतं, पोरांना लालभडक जर्किन घातलेली आणि वर चढताना जिन्यावर धाडधाड, त्यांना रागावून उपयोग नाही, कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून इथे सांगते. पाय हळू टाका, बोलणं कुजबुजीत, फोन सायलेंटवर.

रस्ता. नाशिकहून चांदोरी-सायखेडा करून चापडगाव, अंतर फार नाही पण तास-सव्वा तास धरा, कारण हा उसाचा सीझन असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने झाकलेला, त्यावर धुकं, त्यात बागांमधल्या शेकोट्यांचा धूर. हे मी भीती घालायला लिहीत नाहीये, माझ्यासमोर पंधरा फुटांवर अचानक उसाची मोळी उगवली आणि मी कसाबसा ब्रेक मारला. चाळीसच्या वर जाऊ नका, ओव्हरटेक नाहीच, धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत होते म्हणून डिपरवरच चालवा. काच आतून धुरकट होते, तिला एक कोरडं फडकं हाताशी ठेवा.

जानेवारीत सूर्य सातच्या थोडं पुढे उगवतो. तुम्ही साडेसहाला वर हवे. क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे असतात आणि उजाडलं की शेतांकडे चरायला जातात, ते सुटतात तो वेळ थोडाच असतो, आणि तोच सगळ्यात गार. म्हणजे बघा, ज्या अर्ध्या तासासाठी जायचं त्याच अर्ध्या तासात हात सगळ्यात जास्त गारठतात. हातमोजे का म्हणतेय ते आता लक्षात आलं असेल. आठनंतर ऊन लागतं, मग हातमोजे नसले तरी चालतं, पण तेव्हा क्रौंच नसतात. बाकीचे पक्षी, म्हणजे रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, थापट्या, तलवार बदकं, दलदलीवरून पंख न हलवता तरंगणारा भोवत्या, हे सगळे दहापर्यंत दिसतात, आम्हालाही नंतर परत वर जाऊन हे सगळं दिसलं आणि बाबा खूश झाले, पण क्रौंच ते क्रौंच.

चहा थर्मासमध्ये न्या, कप स्टीलचा नको, कागदी न्या म्हणजे हात शेकता येतात. खायला काहीतरी कोरडं, चुरचुर वाजणारी पाकिटं नकोत. पाणी. वयस्कर माणसं असतील तर जिना चढताना मागे एक जण, आणि फोल्डिंगचं छोटं स्टूल वर न्या, बाबांना उभं राहून गुडघा दुखला. बाथरूमला निघायच्या आधी जाऊन घ्या. टोपी, गॉगल उन्हासाठी.

दहानंतर मध्यमेश्वराचं देऊळ, बंधारा, तासभर पुरतो. जेवण निफाड किंवा सिन्नर, जे वाटेत पडेल ते. द्राक्षं फेब्रुवारीत गेलात तर बागेवरच घ्या. पुण्याला परतणार असाल तर सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ वाटेतच आहे, थांबा. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) यादी टाकत असाल तर गाडीतच टाका, घरी गेल्यावर राहते. कचरा परत आणा.

आम्ही या शनिवारी परत जातोय. आत्याला फोन केला होता, तिने तिचे हातमोजे काढून ठेवलेत, बाबांचे मी आणलेत, आणि तिसरा जोड आत्ताच पाऊचमध्ये घातला.