ऑक्टोबरच्या उन्हात घरगुती हायड्रोपोनिक्स: बियाण्यांची उगवण आणि टाकीची निगा

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की गच्चीवर किंवा बाल्कनीत मातीविना भाजीपाला घेणारे अनेक जण लेट्यूसच्या बिया टाकतात आणि आठवडाभर काहीच उगवले नाही की बियाणे खराब निघाले असे समजतात. बहुतेक वेळा दोष उष्णतेचा असतो. लेट्यूसचे बी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात चांगले उगवते. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की ते सुप्तावस्थेत जाते. त्यामुळे बिया ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि नंतर घरातील थंड, उजेडाच्या जागी स्पंजवर अगदी वरवर टाकाव्यात. टोमॅटो व मिरचीला मात्र २५ ते ३० अंशांची ऊब मानवते, त्यांना फ्रिज दाखवू नये. पालकाचे बी रात्रभर भिजवावे. धने हलके रगडून दोन भाग करून पेरावेत.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायचे असल्यास त्यातील क्षार निघून जाईपर्यंत ते साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब गळेल इतकाच ओलावा पुरे. यापेक्षा जास्त ओल राहिली, की रोपाचे खोड तळाशी तपकिरी व दोऱ्यासारखे बारीक होऊन ते आडवे पडते. असे रोप वाचत नाही, ते लगेच काढून टाकावे. कोंब दिसताच वरचे झाकण काढावे. पहिले खरे पान येईपर्यंत साधे पाणी द्यावे, त्यानंतर पाण्यात विरघळवलेल्या खताचे पाव मात्रेचे द्रावण सुरू करावे.

पालेभाज्यांसाठी द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ५.५ ते ६.५ आणि ईसी (विद्युतवाहकता, जिच्यावरून विरघळलेल्या खताची तीव्रता कळते) साधारण १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवावा. उन्हात झाडे अन्नद्रव्यांपेक्षा पाणी जास्त ओढतात, त्यामुळे टाकीतली पातळी उतरते आणि ईसी वाढतो. अशा वेळी खत घालण्याची घाई न करता आधी साधे पाणी भरावे व मग मोजावे. बोअरचे पाणी जड असल्यास सामू पुन्हा पुन्हा वर चढतो, तेथे साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळणे मला अधिक खात्रीचे वाटते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटयुक्त खते यांची तीव्र द्रावणे एकत्र करू नयेत, साका बसून अन्नद्रव्ये वाया जातात.

सर्वांत जास्त लक्ष टाकीच्या तापमानाकडे द्यावे. पाणी २५ अंशांच्या वर गेले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, पांढरी मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊन कुजका वास येऊ लागतो. टाकी सावलीत ठेवून तिला थर्मोकोल गुंडाळावे, उजेड आत जाऊ देऊ नये म्हणजे शेवाळ धरणार नाही, आणि दुपारी बर्फ झालेली बंद बाटली आत सोडावी. एअर पंप रात्रंदिवस चालू असावा. द्रावण दर दोन आठवड्यांनी बदलावे. पाइपांमधून पातळ प्रवाह सोडण्याच्या पद्धतीत वीज गेल्यावर मुळे लवकर सुकतात. ज्या भागात भारनियमन होते, तेथे पंपाला बॅटरीची सोय करावी, अन्यथा मुळे पाण्यातच राहतील अशी टबाची पद्धत निवडावी.