उद्योजकता प्रशिक्षणाला निघताय? आधी एका घाण्याचा हिशेब मांडा

सातारा-सांगलीत बाईला धंद्याचं प्रशिक्षण मिळण्याच्या जागा कमी नाहीत. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. ती जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे असते, म्हणजे साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र आणि सांगलीत बँक ऑफ इंडिया. शिकणं, राहणं, जेवण मोफत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात, त्यांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात होते. माण-खटावकडच्या बायकांना म्हसवडची माणदेशी ही बायकांची संस्था ठाऊकच आहे: 1997 ला बँक, 2006 पासून बायकांसाठी उद्योगशाळा. रिझर्व्ह बँकेने बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायका अंगठा उठवत होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि परवाना मिळवला.

जागा कोणतीही निवडा, रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या मालाचा हिशेब वहीत घेऊन जा. शिकवणारे नफ्या-तोट्याचं कोष्टक फळ्यावर काढतात तेव्हा त्यात आपले आकडे बसवता आले, तरच प्रशिक्षणाचे दिवस सत्कारणी लागतात.

कांदा-लसूण चटणीचंच घ्या. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. मिरची, धणे, खोबरं, कांदा, लसूण, तेल मिळून 20 किलो माल 6,000 रुपयांचा. किलोला 300 पडले, 600 ला विकली की दुप्पट, असं वाटतं. इथंच गाडं घसरतं. मिरचीचे देठ निघतात, कांदा-खोबरं भाजताना पाणी उडतं, मसाला कुटायच्या डंकावर थोडं चिकटून राहतं. हाती 17 किलोच येते. आता डंकाचे किलोला 40 प्रमाणे 680. शंभर ग्रॅमची 170 पाकिटं, लेबलासह तीन रुपयांनी 510. दोघींची दोन दिवसांची मजुरी, रोज 400 धरून, 1,600. ही मजुरी धरायला बहुतेक जणी विसरतात, कारण राबणाऱ्या आपण आणि जाऊबाई. बेरीज 8,790, म्हणजे किलोला 517. दुकानदार 600 तले वीस टक्के ठेवणार, हातात 480. किलोमागे 37 रुपये तोटा! जळण, गाडीभाडं आणि परत आलेला माल अजून धरलेलाच नाही. एकतर भाव 646 च्या वर न्यायचा, नाहीतर थेट गिऱ्हाइकाला विकायचं.

आता कर्ज. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिला आणि अल्पसंख्याक विशेष गटात येतात: प्रकल्प खर्चात स्वतःचा वाटा 5 टक्के, अनुदान ग्रामीण भागात 35 आणि शहरात 25 टक्के. अल्पसंख्याकांत मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, पारशी आणि 2014 पासून जैनही. पण मुस्लिम किंवा जैन बाईला दोन्हींचं मिळून जास्त मिळत नाही, 35 ते 35 च. तेव्हा महिला म्हणूनच अर्ज भरा, एक दाखला वाचतो. उत्पादनाला प्रकल्प 50 लाखांपर्यंत, पण 10 लाखांच्या वर गेलात तर आठवी पास लागते.

गावातला 6 लाखांचा प्रकल्प धरू. तुमचे 30,000, बँकेचे 5 लाख 70 हजार, अनुदान 2 लाख 10 हजार. हे अनुदान हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते आणि धंदा चालू दिसला की कर्जात वळतं करते. तेवढ्या रकमेवर व्याजही लागत नाही. अनुदान आल्यावर हप्ते भरू असं मनात धरलं असेल, तर आत्ताच सोडा. प्रकल्प 5 लाखांच्या वर असेल तर दहा दिवसांचं प्रशिक्षण, 2 ते 5 लाखांना पाच दिवसांचं. प्रमाणपत्र नसेल तर कर्ज मंजूर होऊनही अनुदान अडतं.

अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली असतात. प्रकल्प खर्चात जागेची किंमत धरलेली असते. ती चालत नाही. मंजुरीआधीच पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) घेऊन बिल लावलेलं असतं. योजना नव्या उद्योगाला आहे, मग चालू धंदा म्हणून नाकारतात. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो, नवऱ्याने आधी घेतला असेल तर तुमचा अर्ज बसत नाही. तयार प्रकल्प अहवाल कुणाकडून विकत आणला आणि बँकेत साहेबांनी ‘महिन्याला किती किलो, कुणाला विकणार?’ विचारलं, की गप्प बसावं लागतं. वही इथंही कामाला येते. उधारीवर नेणाऱ्या दोन-तीन दुकानांची नावं त्यात लिहून ठेवा.

आणि नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. आधार, पॅन आणि पासबुक आधी एकसारखं करून घ्या, त्यात दिवस जातात. शाळेच्या दाखल्यावरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा कागद किंवा नाव बदलल्याचं गॅझेट जोडा. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरही आधारवरचंच नाव सांगा. प्रमाणपत्र त्याच नावाने छापून येतं.