फवारणी रोबोटला रिले मॉड्यूल कसं जोडावं

कापसाच्या सरीतून फिरणारा छोटा रोबोट चालायला लागला की पुढचं काम म्हणजे पंप. पाठीवरच्या बॅटरी पंपातली 12 व्होल्टची मोटर 3-4 अँपिअर सहज ओढते, आणि रोबोट चालवणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डाच्या एका पिनकडून 20 मिलिअँपिअरच्या वर मागू नये. म्हणून मधे रिले, म्हणजे छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच.

सामान: 5 व्होल्टचं ऑप्टोकपलरवालं दोन चॅनलचं रिले मॉड्यूल, एलएम2596 बक कन्व्हर्टर (12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा), 1एन5408 डायोड, होल्डरसह 7.5 अँपिअरचा फ्यूज, एक साधा स्विच, 1 चौरस मिमीची तार, मल्टिमीटर. फ्यूज मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, पंप कृषी सेवा केंद्रात.

सुरुवात पॉवरपासून करा, कारण पंप सुरू होताच उनो रीसेट होणं हे दुखणं बहुतेक वेळा इथलंच असतं. एका रिलेची कॉइल साधारण 70 मिलिअँपिअर घेते. बॅटरी थेट उनोच्या पॉवर जॅकला दिली तर वरचे 7 व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर असताना बंद डब्यात तो किती तापेल ते सांगायला नको. म्हणून बॅटरीला बक जोडा, काही न जोडता त्याचं आउटपुट मल्टिमीटरवर बघत स्क्रूने 5 व्होल्टवर आणा, आणि मगच तिथून उनोच्या 5 व्होल्ट पिनला आणि मॉड्यूलच्या व्हीसीसीला (प्लस) वेगवेगळ्या तारा न्या. जीएनडीही (मायनस) तसंच. जेडी-व्हीसीसीचा जंपर जागेवर राहू द्या. कॉइलला वेगळा सप्लाय द्यायचा असेल तरच तो काढायचा. प्रोग्राम टाकायला यूएसबी लावताना बककडून येणारी तार आधी काढा.

मॉड्यूलची सिग्नल पिन आयएन1 उनोच्या पिन 7 ला जोडा. पिन 0 आणि 1 नको, ते यूएसबीच्या सिरियल संवादाचे. पिन 13 पण नको, बोर्ड सुरू होताना तो लुकलुकतो आणि रिले टकटक करतो.

आता पंपाची बाजू. बॅटरी प्लस, फ्यूज, स्विच, मग रिलेचा कॉम (सामाईक टोक). एनओमधून (रिले चालू झाल्यावरच कॉमला जोडलं जाणारं टोक) पंपाचा प्लस. पंपाचा मायनस थेट बॅटरीला, उनोच्या जीएनडीतून फिरवून नाही. छापील खुणांवर भरवसा न ठेवता पॉवर बंद असताना कंटिन्युटी तपासा: ज्या जोडीवर मल्टिमीटर वाजतो ती कॉम-एनसी (रिले बंद असताना जोडलेली), त्यातलं एनसी सोडून द्या.

पंपाच्या दोन टोकांवर डायोड लावा, चंदेरी पट्टी प्लसकडे. उलटा लागला तर पंप सुरू करताच फ्यूज जाईल. लावलाच नाही तर मोटर बंद होताना ठिणगी पडून रिलेचे कॉन्टॅक्ट जळत जातात, आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. मग प्रोग्राम काहीही म्हणो, पंप थांबत नाही. तो स्विच त्यासाठीच.

ही मॉड्यूल्स बहुतेक 'लो' दिल्यावर चालू होतात. म्हणून सेटअपमध्ये पिन 7 ला आधी 'हाय' द्या, नंतर पिनमोडने आउटपुट करा. उलट क्रमाने केलं तर बॅटरी जोडताच पंप क्षणभर उसळतो. पंपाचा वेग कमी करायला ॲनालॉगराइट (पिन झपाट्याने चालू-बंद करणारी आज्ञा) वापरू नका. रिले त्यासाठी नाही, त्याला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो. उनोऐवजी ईएसपी32 बोर्ड असेल तर त्याचं 3.3 व्होल्टचं 'हाय' काही मॉड्यूल्सना पुरत नाही आणि रिले चालूच राहतो.

आधी पंप न जोडता टक् आवाज आणि मॉड्यूलवरचा दिवा तपासा, मग टाकीत नुसतं पाणी भरून चालवा. नोझल बंद असताना पंप अडखळत चालू-बंद होत असेल तर रिलेला दोष देऊ नका, तो पंपातला प्रेशर स्विच. डबा टाकीच्या वर बसवा आणि तारांची भोकं खालच्या बाजूला ठेवा.